दात लवकर सरकवता येतात का? डीप बाईट, ब्रेसेस आणि 'आठ महिन्यांत' वालं पॅकेज

(ऐकण्यापेक्षा वाचणं आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलतानाचे 'म्हणजे... म्हणजे...' कापलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

मागच्या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली. सांगलीची श्रोती, वय चोवीस. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "दादा, मला डीप बाईट आहे. आमच्या डॉक्टरांनी वीस-बावीस महिने सांगितलेत. लग्न आठ महिन्यांवर आलंय. दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये म्हणाले, जादा पैसे भरा, हाडाला बारीक भोकं पाडू, घरी रोज वीस मिनिटं एक व्हायब्रेशनचं मशीन चावायचं, आठ महिन्यांत करून देतो. करू का?"

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरतो. पण सत्ताविसाव्या वर्षी स्वतः तारा लावून घेतल्या, त्याही डीप बाईटसाठीच, आणि तेवीस महिने त्या तोंडात घेऊन स्टँडअप मीटिंगा केल्या. हाच प्रश्न मलाही पडला होता. तेव्हा रात्री जागून जे वाचलं आणि माझ्या ऑर्थोडॉन्टिस्ट मॅडमना विचारून विचारून जे समजलं, ते आज सांगतो. तुमच्या तोंडाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण त्यांना काय विचारायचं, ते तुम्हाला माहीत हवं.

आरशासमोर उभे राहा, दाढा नीट मिटा आणि ओठ बाजूला करा. वरच्या पटाशीच्या दातांनी खालचे दात किती झाकले? दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे खालच्या दाताचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला जाणं हे नेहमीचं. त्याहून बराच जास्त झाकला असेल तर तो डीप बाईट. माझे खालचे दात दिसतच नव्हते. मला वाटायचं, असेल बुवा आपली ठेवण. मग मॅडमनी छोटा आरसा आत धरून टाळू दाखवला. वरच्या दातांच्या मागे, टाळूच्या हिरडीवर, खालच्या दातांचे ठसे उमटले होते. वर्षानुवर्षं प्रत्येक घासाला मी स्वतःलाच चावत होतो. तेव्हा हा फक्त फोटोत हसण्याचा मामला नाही. दात झिजतात, हिरडीला जखम होते.

आता हा चावा उघडायचा कसा? रस्ते मुख्यतः तीन. पुढचे दात हाडात आत ढकलायचे, मागच्या दाढा थोड्या बाहेर येऊ द्यायच्या, किंवा मागे कललेले पुढचे दात पुढे कलवायचे. बहुतेकांच्या तोंडात यांचं मिश्रण चालतं. दाढांचा रस्ता सोपा वाटतो, कारण जबडा म्हणजे दारच. बिजागरीजवळ जरासं उघडलं तरी कडेला फट मोठी पडते. दाढ एक मिलिमीटर वर आली की पुढे साधारण दीड ते अडीच मिलिमीटर चावा उघडतो. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये हे छान जमतं, कारण जबड्याचं हाडही वाढत असतं आणि जागा करून देतं. आपल्यासारख्या मोठ्यांची वाढ थांबलेली. चावण्याचे स्नायू त्या दाढा परत खाली दाबायला बघतात. म्हणून मोठ्या माणसांत, विशेषतः हसताना वरची हिरडी खूप दिसत असेल तर, पुढचे दात आत ढकलण्यावर जास्त भर येतो. आणि वेळ खरा लागतो तो इथे.

कारण दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती एक पातळ अस्तर असतं, जाडी साधारण पाव मिलिमीटर. त्यात धागे, रक्तवाहिन्या, पेशी असं सगळं. तारेनं दातावर दाब आला की एका बाजूला हे अस्तर दबतं, दुसऱ्या बाजूला ताणतं. दबलेल्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी जमतात, ताणलेल्या बाजूला हाड बांधणाऱ्या. एकीकडून खणायचं, दुसरीकडे भरायचं, असं करत दात सरकतो. वेग म्हणाल तर महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तार दात ओढत नाही. तार फक्त निरोप देते, काम हाड करतं.

हे मला कळलं नव्हतं तेव्हा, तिसऱ्या महिन्यात, मी मॅडमना म्हणालो होतो, "मॅडम, अजून थोडं टाईट करा ना. दुखलं तरी चालेल."

त्या हसल्या. म्हणाल्या, "टाईट केलं तर तुमचा दात थांबेल, राजे."

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. दाब जास्त झाला की अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात, तिथलं रक्त बंद, पेशी मरतात. तो भाग काचेसारखा, निर्जीव होतो. आता हाड खाणाऱ्या पेशींना समोरून यायला रस्ताच नाही. त्या मागच्या बाजूनं, हाडाच्या आतून खणत येतात. तोवर दात दोन-तीन आठवडे जागचा हलत नाही. सर्व्हरवर एकदम जास्त रिक्वेस्ट मारल्या की तो आधी हळू होतो आणि मग उत्तरच देत नाही, तसंच काहीसं. ही गोष्ट नवीनही नाही. कार्ल सँडस्टेट यांनी कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हे बघितलं होतं. पुढे १९३२ मध्ये श्वार्त्झ यांनी आकडाच मांडला: दाब केशवाहिन्यांतल्या रक्तदाबापेक्षा जास्त नको, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम.

आणि डीप बाईटमध्ये हा नियम आणखी कडक होतो. दात आडवा सरकवताना दाब मुळाच्या लांबीवर पसरतो. दात आत ढकलताना मात्र सगळा भार मुळाच्या टोकावर येतो, आणि टोक असतं निमुळतं. म्हणून पुढचे दात आत ढकलायला एका दाताला फक्त १० ते २० ग्रॅम पुरतात. खिशात दहा रुपयांची दोन नाणी असतील तर तळहातावर ठेवून बघा. तेवढंच वजन. त्याच्या कितीतरी पट जोर दिला तर मुळाचं टोक झिजून मूळ आखूड होऊ शकतं, आणि ते पुन्हा वाढत नाही. बाईट उघडला, पण मुळं आखूड झाली, हा सौदा कुणाला हवाय?

म्हणजे जोर वाढवून वेग वाढत नाही. मग लोकांनी दुसरीकडून विचार केला: हाडच जास्त कामाला लावता आलं तर?

यामागे खरं विज्ञान आहे, तेव्हा हसण्यावारी नेऊ नका. हाडाला इजा झाली की त्या भागात मोडणं आणि बांधणं दोन्ही जोरात सुरू होतं. हाडांवर संशोधन करणाऱ्या हॅरोल्ड फ्रॉस्ट यांनी १९८३ मध्ये याचं वर्णन केलं. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, हाइनरिश क्योले यांनी दातांच्या मधल्या हाडाला चिरा देऊन दात लवकर हलवायची शस्त्रक्रिया मांडली होती. त्यांना वाटलं होतं, हाडाचा तुकडाच दातासकट सरकतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या विल्को बंधूंनी, एक ऑर्थोडॉन्टिस्ट आणि एक हिरड्यांचे तज्ज्ञ, सीटी स्कॅन बघून वेगळं सांगितलं. तुकडा सरकत नाही, तिथलं हाड काही काळ मऊ पडतं, त्यातलं खनिज कमी होतं, आणि दात त्यातून भराभर जातो. वेड्यावाकड्या दातांच्या त्यांच्या केसेस सुमारे सहा महिन्यांत संपल्या. 'सहा महिन्यांत ब्रेसेस'च्या बऱ्याच जाहिरातींचं मूळ इथे सापडतं.

पण त्यासाठी हिरडी उघडून हाडावर काम करावं लागतं. भूल, टाके, सूज, वेगळा खर्च. म्हणून पुढे सौम्य प्रकार आले. हिरडीला छोटी चीर देऊन अल्ट्रासॉनिक पात्यानं हाड कापायचं, किंवा हिरडी न उघडता आरपार बारीक भोकं पाडायची. आमच्या सांगलीच्या श्रोतीला सांगितलं ते हेच दुसरं. या भोकांबद्दल २०१३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून एक अभ्यास आला: वीस माणसं, सुळा मागे सरकवायचा, २८ दिवस मोजायचं. वेग २.३ पट निघाला. बातमी अर्थातच गाजली. मात्र नंतरच्या काही चाचण्यांत फरक दिसलाच नाही, आणि सगळे अभ्यास एकत्र मांडणाऱ्या आढाव्यांत जो उरला तो अगदी थोडा.

तरी वादापुरतं धरू, भोकांनी वेग दुप्पट होतो. आता माझ्या धंद्यातलं एक सूत्र सांगतो, अ‍ॅमडालचा नियम, १९६७ चा. प्रोग्रॅमचा एक तुकडा कितीही वेगवान केलात, तरी एकूण फायदा ठरतो तो तुकडा मुळात किती वेळ खात होता त्यावर. हाडाची ती जागी झालेली अवस्था कायम टिकत नाही, पहिल्या एक-दोन महिन्यांत जोरात असते आणि साधारण चार महिन्यांत ओसरते. समजा पूर्ण चार महिने वेग दुप्पट राहिला. म्हणजे चार महिन्यांत आठ महिन्यांचं काम झालं. बावीसातून चार वाचले, राहिले अठरा. आठ कुठून आणणार? दर थोड्या महिन्यांनी पुन्हा भोकं पाडली तर, असं म्हणाल. पण मग प्रत्येक वेळी पुन्हा भूल आणि पुन्हा पैसे.

शिवाय हे बहुतेक अभ्यास झालेत ते सुळा आडवा मागे नेण्यावर, नाहीतर गर्दी झालेले दात ओळीत आणण्यावर. डीप बाईटचं काम उभं आहे, वर-खाली. तिथे अडथळा हाडाच्या आळसाचा कमी आणि दहा-वीस ग्रॅमच्या मर्यादेचा जास्त. सुळ्याचा आकडा उचलून पटाशीच्या दातांना लावणं म्हणजे हायवेचं मायलेज बघून ताम्हिणी घाटाचा हिशोब करणं.

व्हायब्रेशनच्या मशीनचं मी घेता घेता राहिलो. कार्टमध्ये टाकलं होतं. रोज वीस मिनिटं चावायचं, ते हलकं थरथरतं. कल्पना चांगली, आणि माझ्यासारख्या गॅजेटवेड्याला तर फारच चांगली. मग २०१५ ची एक ब्रिटिश चाचणी वाचली. ८१ तरुण, तीन गट: एकाला खरं मशीन, एकाला तसंच दिसणारं पण न थरथरणारं, एकाला काहीच नाही. दात ओळीत येण्याच्या वेगात फरक पडला नाही. कॉक्रेनचा २०२३ चा आढावाही तेच म्हणतो, की अशा हलक्या कंपनांनी किंवा लेझर-एलईडीच्या प्रकाशानं उपचाराचा एकूण काळ कमी होतो असं दिसत नाही, आणि मुळात पुरावाच कच्चा आहे. कार्ट रिकामी केली. 'सेल्फ-लायगेटिंग' ब्रॅकेटनं लवकर होतं हेही असंच. ब्रॅकेट वाईट नाहीत, पण एकूण महिने कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही.

अलायनरवाल्यांसाठी एक वाक्य: स्क्रीनवरच्या अ‍ॅनिमेशनमध्ये डीप बाईट जेवढा उघडलेला दिसतो, तेवढा तोंडात बरेचदा उघडत नाही, मग पुन्हा स्कॅन आणि पुन्हा नवे ट्रे. तो वेळ सुरुवातीलाच हिशोबात धरा.

मग काहीच करता येत नाही का? येतं की. इथे माझी एक्सेल शीट कामाला येते. हो, मी शीट ठेवली होती, हसू नका. मला सांगितलेले महिने होते अठरा. लागले तेवीस. ते पाच महिने गेले कुठे, बघितलं. पाच ब्रॅकेट तुटले, त्यातले तीन खालच्या पुढच्या दातांचे. एक गेला दिवाळीच्या चकलीनं, एक चिक्कीनं. आणि प्रत्येक वेळी मी 'पुढच्या अपॉइंटमेंटला सांगू' म्हणून गप्प बसलो. ब्रॅकेट नसलेल्या दाताला तार धरतच नाही, म्हणजे तो दात तेवढे आठवडे जागच्या जागी, कधी कधी उलटा मागे. दोन अपॉइंटमेंट रिलीजच्या गडबडीत बुडवल्या. आणि रबर लावायचे होते दिवसरात्र, मी जवळपास दीड महिना फक्त रात्री लावले. म्हणजे ज्या पाच महिन्यांसाठी मी मशीन विकत घ्यायला निघालो होतो, ते पाच महिने मीच उडवले होते. फुकट.

डीप बाईटमध्ये खालचे ब्रॅकेट का तुटतात, हे नीट कळलं पाहिजे, कारण वेळ वाचवायची सगळ्यात मोठी जागा तीच. वरचे दात खाली येऊन नेमके खालच्या ब्रॅकेटवर आपटतात. म्हणून काही ठिकाणी आधी फक्त वरच्या तारा लावतात, चावा जरा उघडेपर्यंत खालच्यांना थांबवतात. त्यात काही महिने जातात. यावर साधा उपाय आहे, बाईट टर्बो. वरच्या पुढच्या दातांच्या मागे, किंवा दाढांवर, भरायच्या सिमेंटसारख्या पदार्थाचे छोटे उंचवटे चिकटवतात. चावताना दात त्यावर टेकतात आणि खालचे ब्रॅकेट वाचतात, त्यामुळे खालच्या तारा पहिल्याच दिवशी लावता येतात. पुढे टर्बो असले की मागच्या दाढा टेकत नाहीत, मग त्यांना वर यायलाही मोकळीक मिळते. भोकं नाहीत, मशीन नाही, चिकटवायला काही मिनिटं.

त्रास आहे, लपवत नाही. पहिले दोन आठवडे मला भाकरी चावता येईना. दाढा एकमेकींना भेटतच नाहीत, चावणार कशावर? मऊ खिचडी, वरण-भात, ताकात कुस्करलेली पोळी. बोलताना 'स' आणि 'श' एक झाले होते, त्या काळातले आपले दोन भाग ऐका, कळेल. मग सवय होते.

दुसरं एक, औषधाचं. तारा घट्ट केल्यावर दुखतं, आणि घरात जी गोळी असते ती आपण घेतो. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या शरीरातला जो रासायनिक निरोप अडवून दुखणं कमी करतात, तोच निरोप हाडाला कामाला लावत असतो. एखाद-दुसऱ्या गोळीनं बिघडत नाही, पण रोज घ्यायची वेळ येत असेल तर डॉक्टरांना विचारा. बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट पॅरासिटामॉल सुचवतात ते यासाठीच.

आता सांगलीच्या श्रोतीसाठी. ताई, त्या क्लिनिकला एक प्रश्न विचार: "आठ महिन्यांत माझे दात फक्त सरळ होणार, की चावासुद्धा उघडणार?" या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचे सहा-आठ दात ओळीत आणणं आठ महिन्यांत बरेचदा जमतं. फोटोत छान दिसतं. पण खालचे दात टाळूला टोचतच राहिले तर तू ज्यासाठी गेली होतीस ते झालंच नाही. पुढे हेही विचार, की करणारे डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस आहेत का. बीडीएसनंतरचा तो तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आणि डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते. माझ्या डीप बाईटसाठी किती जोर वापरणार, मुळांचा एक्स-रे मध्येच कधी काढून बघणार, भोकांनी नेमके किती महिने वाचतील आणि नाही वाचले तर जादा पैशांचं काय, हे कागदावर मागून घे. दुसरं मत हवं असेल तर सरकारी दंत महाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक्सचे विभाग आहेत, मुंबईत, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरला. रांग असते, पण खर्च कमी.

आणि लग्नाचं. तुझ्या पहिल्या डॉक्टरांना सरळ तारीख सांग. दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट असतात, लांबून कळत नाहीत. काही डॉक्टर समारंभाच्या आधी पुढचे ब्रॅकेट काढून नंतर पुन्हा लावून देतात, त्यात थोडे आठवडे जातात, एवढंच. आठ महिन्यांत दात ओळीत आलेले असतील, टर्बोही कदाचित निघालेले असतील, म्हणजे जेवणाच्या पंगतीत बसता येईल. उरलेलं काम लग्नानंतर. माझ्या एका मित्रानं मुंडावळ्या आणि ब्रेसेस दोन्ही एकदम मिरवले, फोटोत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

घाईनं तारा मात्र काढायला लावू नकोस. डीप बाईट परत यायला बघतो, आणि हाड नव्या जागी पक्कं व्हायला वेळ घेतं. माझा वरचा रिटेनर पुढच्या बाजूला जरा जाड आहे, खालचे दात त्यावर टेकावेत म्हणून. रात्री अकराला त्याचा अलार्म वाजतो. आत्ता रेकॉर्डिंग चालू असतानाही वाजला, ऐकू आला असेल तुम्हाला. पुढचा भाग रिटेनरवरच करतोय, तुमचा हरवला असेल किंवा टिश्यूत गुंडाळून कचऱ्यात गेला असेल तर व्हॉइस नोट पाठवा.